पुरणपोळीमुळे आम्ही हरलो नाही

गेल्या वर्षी अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला, एका लग्नात शेजारी बसलेल्या तरुणाने मला एक किस्सा ऐकवला. नॉर्थ कॅरोलायनात म्हणे एक काकू होत्या. त्यांनी एका बेसबॉल खेळाडूला फायनलच्या आदल्या दिवशी इतक्या पुरणपोळ्या घातल्या की तो दुसऱ्या दिवशी मैदानाऐवजी संडासात सापडला आणि त्याच्या संघाचं अजिंक्यपद गेलं. तरुण चांगला रंगवून सांगत होता. त्याच्या गोष्टीत शेवटी अँब्युलन्स येत होती. टेबलावरचे सगळे पोट धरून हसले आणि मी मात्र हातातला घास ताटात परत ठेवला, कारण ती अँब्युलन्स मीच घातलेली होती. एका वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला हशा थोडा कमी पडला होता, म्हणून.

खरं तर अँब्युलन्स आली नव्हती आणि पोटही बिघडलं नव्हतं. त्या पोळीसारखी पोळी मी नंतर कुठे खाल्लेली नाही. काका आता नाहीत, काकू आहेत. त्यांच्या पोळीचं नाव निघालं की लोक हसतात, ते हसू मी सुरू केलं, तेव्हा ते मलाच थांबवलं पाहिजे. पण नुसतं ‘खोटं होतं’ म्हणून कोण ऐकणार? त्यासाठी ती दोघं कशी होती, ते सांगावं लागेल.

काका माझ्याच कंपनीत केमिस्ट होते, मला बरेच वरिष्ठ. ऐंशीच्या दशकातलं आमचं कॅरी गाव म्हणजे पाइनची झाडं आणि मधूनमधून घरं. शेजारच्या मॉरिसव्हिलला रेल्वेचं फाटक आणि तंबाखूची शेतं. अख्खं मराठी मंडळ एका बैठकीच्या खोलीत मावायचं, मुलं धरून. अशा जागी ही दोघं बेसबॉलच्या नादी कशी लागली, याच्या दोघांच्या दोन कहाण्या होत्या. काका म्हणायचे, कंपनीने फुकट तिकिटं दिली. काकू म्हणायच्या, घरातला एसी बंद पडला आणि स्टेडियमवर वारा होता. कसं का असेना, मी त्यांना ओळखायला लागलो तोवर एप्रिल ते सप्टेंबर त्यांच्या घरी दुसरा विषय नसे. सणवारसुद्धा सामन्यांच्या हिशेबाने साजरे होत. एकदा वटपौर्णिमेला दोन सामने लागोपाठ होते, तर काकूंनी स्टेडियमच्या पार्किंगमधल्या ओक झाडाला सूत गुंडाळलं. “सात जन्म हाच नवरा आणि याच सीट,” त्या म्हणाल्या.

आमच्या गावचा संघ टीव्हीवर दिसणाऱ्या संघांपैकी नव्हता. फार खालच्या पायरीवरचा. विशी-बाविशीची पोरं तिथे शिकायला येत आणि त्यातलं एखादं चांगलं निघालं की वरचा संघ त्याला उचलून नेई. त्यामुळे आमच्याकडे जो चांगला तो जाणार, हे ठरलेलंच. त्यांची मुलगी तेव्हा बॉस्टनला कॉलेजात होती. ती फोनवर वैतागायची, “आई, दे आर नॉट इव्हन अ रिअल टीम!” काकू शांतपणे म्हणत, “असू दे. खऱ्या टीमला माझी गरज नाही.”

काकांचं म्हणणं असं की आपला संघ हे माहेर आहे. पोरगी गुणाची निघाली की सासरी जाणारच, रडून काय उपयोग.

हे वाक्य काकूंनी मनावर घेतलं आणि वर जाणाऱ्या प्रत्येक पोराचं त्या केळवण करू लागल्या. पाट, ताटाभोवती रांगोळी, औक्षण, हातात नारळ, वर शर्टाचं कापड. टेक्सासचे, ओक्लाहोमाचे धटिंगण डोक्यावरची टोपी काढून, कपाळाला कुंकू लावून, गुडघे हनुवटीला टेकवून पाटावर बसायचे. चण्याची डाळ टपालाने न्यूयॉर्कहून यायची आणि गूळ कुणी ना कुणी भारतातून कपड्यांच्या घड्यांत आणलेला असायचा. म्हणजे पुरणपोळी ही काही उठसूट होण्यातली गोष्ट नव्हती.

यात एकदा मोठा घोटाळा झाला. एका पोराच्या बॅटला चेंडूच लागेना. बिचारा उदास असायचा, म्हणून काकूंनी त्याला जेवायला बोलावलं. काकूंकडे जेवण म्हणजे बढती, अशी तोवर खेळाडूंत समजूत झालेली. त्याने आईला फोन केला, आईने चर्चमध्ये सांगितलं, चर्चने केक कापला. तिसऱ्या दिवशी संघाचा मॅनेजर टोपी हातात घेऊन काकूंच्या दारात.

“मॅम, यापुढे कुणालाही जेवायला घालण्याआधी मला विचारत चला.”

“आणि त्यांना भूक लागली तर?”

“त्यांना कायमच भूक लागलेली असते, मॅम.”

शेवटी तह झाला. वरणभात म्हणजे नुसतंच जेवण. पुरणपोळी म्हणजे बढती, आणि ती मॅनेजरला विचारल्याशिवाय लाटायची नाही. मॅनेजरने ‘पुरनपोली’ हा शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला, वरणभाताची एक वाटी संपवली आणि गेला.

स्टेडियमवर ही दोघं शेजारी बसत नसत. काका पहिल्या बेसच्या बाजूला, काकू तिसऱ्या बेसच्या बाजूला, मधे अख्खं मैदान. भांडण नव्हतं. भांडण होऊ नये म्हणून हा बंदोबस्त होता. काकांना पुढे काय होणार ते आधी सांगायची खोड आणि काकूंना ते मुळीच खपत नसे. “अहो, मला बघू द्या ना. तुमच्या तोंडून ऐकायचं तर घरी रेडिओ आहे!”

मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला बोलणार कसं? त्यासाठी खुणा होत्या. कानाला हात म्हणजे ‘मागचं दार लावलं का?’ पदर दोनदा झटकला की ‘स्वेटर गाडीत राहिला.’ पालथी मूठ म्हणजे ‘गॅस?’ डोक्यावरची टोपी उलटी केली की ‘तुमचं बरोबर होतं.’ ही शेवटची खूण मी फारशी पाहिली नाही.

काकू साडीवर संघाची टोपी घालत आणि पायात बूट. पाहुण्या संघाची बसायची जागा त्यांच्या बाजूला असे. एकदा पाहुण्यांच्या मॅनेजरच्या लक्षात आलं, की आपल्या डोक्यावर बसलेली ही बाई कान धरते, पदर झटकते, मूठ दाखवते आणि समोरचा चष्मेवाला मान हलवतो. बेसबॉलमध्ये सगळा कारभार अशाच खुणांवर चालतो. त्याची खात्री झाली, ही आपल्या खुणा चोरून पलीकडे पोचवते आहे. त्याने तक्रार केली. अंपायरने खेळ थांबवला आणि कठड्यापाशी येऊन विचारलं, “मॅम, आता त्या गृहस्थांना तुम्ही काय सांगितलंत?”

काकू उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मी विचारलं, गॅस बंद केला का. ते हो म्हणतात. पण ते खोटं बोलतायत. मला चेहरा कळतो.”

अंपायरने वळून पाहिलं. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढं काकांना कळलं. ते उठले आणि सगळ्या स्टेडियमला नमस्कार केला. काय टाळ्या पडल्या! तरी काकूंचं समाधान होईना, तेव्हा काका घरी जाऊन पाहून आले. गॅस बंद होता. दार उघडं होतं.

आता त्या फायनलकडे येतो.

त्या वर्षी संघात ओक्लाहोमाचा एक पिचर होता, म्हणजे चेंडू फेकणारा. इतका उंच की काकू त्याला ताड्या म्हणत, आणि तोही त्या हाकेला ओ द्यायचा. त्याच्या जोरावर संघ फायनलला पोचला. संघाने अजिंक्यपद कधीच जिंकलं नव्हतं आणि काकांनी त्याची इतकी वर्षं वाट पाहिली होती की त्या आठवड्यात ते कंपनीत हातमोजे उलटे घालून फिरत होते. शेवटचा, निकालाचा सामना रविवारी. त्यात ताड्या चेंडू फेकणार आणि पुढच्या वसंतात वरच्या संघात जाणार, असं ठरलेलं. ‘फक्त बेताने खाऊ घाला’ एवढं बजावून मॅनेजरने परवानगी दिली आणि शनिवारी दुपारी त्याचं केळवण झालं.

मी तिथे होतो. बायको बाळंतपणाला नागपूरला गेली होती आणि मी बरेच महिने काकूंकडेच जेवत होतो.

काकूंनी ओवाळलं आणि ताड्याच्या उजव्या हातात नारळ ठेवला. नारळ निसटला आणि घरंगळत फ्रिजखाली गेला. मी आणि काका हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी नारळ काढून आणला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला, सावकाश. पोराचा चेहरा पांढरा पडला.

“हात वर कर,” काकू म्हणाल्या.

“आय’म फाइन, मॅम.”

“कसा आहेस ते मी विचारलं नाही. वर कर.”

हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. आणि तो ताडमाड मुलगा पाटावर बसल्या बसल्या रडायला लागला. खांदा कितीतरी दिवस दुखत होता, त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मॅनेजरला कळलं तर वरच्या संघाला कळणार. खांदा गेलेल्या पिचरला कोण घेतं? सरळ घरी पाठवतील, वडलांच्या गाई धुवायला. आणि उद्या खेळला तर खांदा कायमचा जाईल, हेही त्याला समजत होतं. हिवाळाभर विश्रांती मिळाली, तर मात्र बरा होण्यासारखा होता.

“उद्या चेंडू टाकायचा नाही,” काकू म्हणाल्या.

“कारण काय सांगू?”

काका खिडकीबाहेर पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो. ते कशाची वाट पाहत आले होते, हे मला माहीत होतं.

“पोट,” काका म्हणाले.

“काय?”

“पोट बिघडलं म्हणायचं. पोटाबद्दल कुणी खोदून विचारत नाही.”

“कशानं बिघडलं म्हणायचं?”

काकांनी ताटाकडे पाहिलं.

“अहो!” काकू म्हणाल्या. तसं ‘अहो’ मी पुन्हा ऐकलं नाही. “हॉट डॉग म्हणा की स्टेडियमवरचा!”

“तो सगळेच खातात. याच्या एकट्याचंच कसं बिघडेल? यानं एकट्यानं खाल्लेलं असं एवढंच आहे.”

“माझ्या पोळीनं आजवर कुणाचं...”

“माहीत आहे.”

“सासूबाईंनी जगातल्या सगळ्या गोष्टींना नावं ठेवली. माझ्या पोळीला नाही ठेवली!”

“माहीत आहे गं.”

ताड्याला मराठीचं एक अक्षर समजत नव्हतं. तो टेनिसच्या सामन्यासारखा एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होता. काकू गॅसकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तव्यावरची पोळी त्याच्या ताटात टाकली, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाल्या, “खा. बदनाम व्हायचंच आहे, तर पोटभर तरी खा.”

काकांना खोटं बोलता येत नसे, चेहऱ्यावर दिसायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी काकूच मॅनेजरकडे गेल्या. मी सोबत होतो. “सॉरी,” त्या म्हणाल्या. “मी त्याला फार खायला घातलं. फार तूप.” मॅनेजरने टोपी काढून मांडीवर आपटली. “मॅम, मी तुमच्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती!” काकूंनी मान खाली घातली. पण परत येताना जिन्यात मला म्हणाल्या, “तूप बेताचंच होतं.”

बदली पिचरची धुलाई सुरू झाली. मी काकांजवळ होतो. पुढे काय होणार, ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही. खेळ अर्ध्याच्या पुढे गेल्यावर ते उठले. मला वाटलं, घरी निघाले. तर ते अख्ख्या स्टेडियमला वळसा घालून, लोकांच्या गुडघ्यांना धडका देत, पलीकडे गेले आणि काकूंच्या शेजारी बसले. पिशवी घेऊन मी मागोमाग गेलो. मग काका म्हणाले, “आता बघ, हा चेंडू नुसता हलकेच टेकवणार आणि पळणार.”

“अहो, मला बघू द्या ना!”

सडकून हरलो. पण शेवटी उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज त्या दोघांचा होता. ताड्या कोपऱ्यातल्या बाकावर पोट धरून बसला होता. तो इतका वाईट नट होता की काकू सारख्या त्याला खुणावत होत्या, ‘जरा कमी कर.’

परत येताना गाडीत काका मला म्हणाले, “नागपूरकर, तुझं तोंड चांगलं चालतं. हीच गोष्ट कंपनीत सांग, मंडळात सांग. अर्धी कंपनी त्या स्टेडियमवर असते. कुणाला शंका यायला नको. पोराचं खेळणं संपलं की मग खरं काय ते सांगून टाक.”

मी सांगितली. इथवर माझा दोष नाही. पण मी ती फार चांगली सांगितली. लोक हसले, म्हणून मी पोळ्या वाढवल्या. आणखी हसले, तेव्हा तुपाची वाटी गेली आणि तपेलं आलं. त्याच आठवड्यात मंडळाच्या गौरींचं जेवण होतं. काकूंनी दरवर्षीप्रमाणे पोळ्यांची चळत पंच्यात गुंडाळून आणली होती. “काकू, उद्या ऑफिस आहे हो!” कुणीतरी म्हणालं. एकाने औषधासारखा तुकडा मोडून घेतला. बाकीची चळत तशीच परत गेली. पुढच्या वर्षीपासून जेवणात डब्यातलं श्रीखंड आलं आणि काकूंकडे कोशिंबिरीचं काम. काकडीने कुणाला काही होत नाही, असाही विनोद झाला. तो माझा नव्हता, पण मी हसलो. काकूही हसल्या. काका त्या रात्रीच्या जेवणाबद्दल एवढंच म्हणाले, “बरं झालं. आम्हाला जास्त उरल्या.”

ताड्याचा खांदा बरा झाला. तो वर गेला, काही वर्षं चांगला खेळला, मग खेळणं सोडून शाळेत मुलांना शिकवू लागला. बायकोला घेऊन तो कॅरीला आला, पाटावर बसला आणि काकूंचा खांदा दुखेपर्यंत त्यांच्या गळ्यात पडला. निघताना मला म्हणाला, “आता सगळ्यांना सांगा. आता माझं काही बिघडत नाही.”

मी सांगितलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात मला उभं करत ते त्या एका गोष्टीसाठी, आणि खऱ्या गोष्टीत हशा नव्हता. काकांनी एकदोनदा आठवण करून दिली, “अरे, आता सांग की.” मी म्हणायचो, “सांगतो.” त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. मग ते गेले. काकूंना कोशिंबीर करताना मी इतकी वर्षं पाहिलं, आणि वाढून घेतली.

बॉथेलहून परतलो आणि या गणपतीत मंडळाच्या तरुण अध्यक्षाने माइक हातात दिला. “अंकल, युअर पुरणपोळी स्टोरी! प्लीज!” मी उभा राहिलो. काकू पुढच्या रांगेत, मुलीच्या शेजारी बसलेल्या. मी सगळं खरं सांगितलं, नारळापासून श्रीखंडापर्यंत. अँब्युलन्सची जागा आली तेव्हा काहीजण सवयीने हसायला लागले आणि थांबले. शेवटी मी माइक खाली ठेवला.

काकू म्हणाल्या, “झालं? मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा सांग. मोठ्यानं.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं की दोनदा ऐकायचं होतं, हे मी विचारलं नाही.

मग बायकांनी त्यांना गराडा घातला. आम्हाला शिकवा म्हणाल्या. “आता सुचलं?” काकू म्हणाल्या. “पुरणयंत्र मुलीनं गेल्याच वर्षी काढून टाकलं.” पण रविवारी बोलावलं. मॉरिसव्हिलला मुलीच्या घरी त्या स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि चार तरुण मुली त्यांच्या धाकात पोळ्या लाटत होत्या. “दाबू नकोस गं, लाट! कणकेवर सूड उगवतेयस काय?” दोन पोळ्या फुटल्या. तिसरी फुगली, काठापर्यंत. काकूंनी बोटाने चाचपून पाहिली, स्वतः तूप सोडलं आणि ताटली इतर कुणाला न देता माझ्यापुढे धरली.

“घे, नागपूरकर. खा. आणि उद्या सकाळी पोट कसं आहे ते सगळ्यांना फोन करून कळव.”